तुटीची वाटणी आधी ठरवा: नागपुरातील लहान कंत्राटदार आणि पुरवठादारांचे मागणीपत्र

नागपूर, डिसेंबर २०२५

प्रति,
मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत: मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा, मा. विभागीय आयुक्त, नागपूर, मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका, नागपूर जिल्ह्यातील सर्व मा. आमदार

विषय: करमहसूल अंदाजापेक्षा कमी आल्यास कपात कोणावर, किती आणि कोणत्या क्रमाने करायची याचा नियम करणे, थकीत देयकांचा हिशेब अर्थसंकल्पात दाखवणे.

महोदय,

अधिवेशन नागपुरात भरले की यशवंत स्टेडियमपासून मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटपर्यंत मोर्चांची रांग लागते आणि आपल्या टेबलावर निवेदनांचा ढीग होतो. आम्ही मोर्चा आणलेला नाही. आमच्या कागदातही शेवटी पैशाचीच गोष्ट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही; पण पैशाच्या आधी आम्हाला एक नियम हवा आहे. सरकारचा अंदाज चुकला की त्याची भरपाई कोणाच्या खिशातून होते, हे आज कुठेही लिहिलेले नाही. आणि जे लिहिलेले नसते ते शेवटी सर्वात लहान माणसावर येते.

आम्ही सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांची लहान कामे करणारे लोक आहोत. गडरलाईनचे चेंबर बसवणे, शाळेचे गळके छत दुरुस्त करणे, वसतिगृहाला धान्य आणि भाजी पोचवणे, दवाखान्याच्या चादरी शिवून देणे, पथदिव्यांची देखभाल करणे. दर हिवाळ्यात रविभवन, नागभवन आणि आमदार निवासाच्या भिंतींवर चढणारा रंग आमच्यासारख्याच कुणीतरी लावलेला असतो. उड्डाणपूल आणि महामार्ग बांधणाऱ्या कंपन्या आमच्या संघटनेत नाहीत. त्यांच्याकडे वकील असतात, लवादाची कलमे असतात, आणि बँका त्यांच्या दारात जातात.

हा विषय आजच का, असे आपण विचाराल. आज राज्यात मंदी नाही, म्हणूनच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी रुपये धरली आहे आणि महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. त्यानंतर पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या आणि या अधिवेशनात ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. सप्टेंबरात जीएसटीचे दर उतरले; ग्राहकाला ते हवेच होते, राज्याच्या वाट्याचे काय झाले ते मार्चनंतर कळेल. खर्चाचा आकडा वर सरकतो आहे आणि जमेचा आकडा अजून अंदाजच आहे. मंदी प्रत्यक्ष दारात आल्यावर नियम करायला कोणालाच सवड नसते. तेव्हा फक्त आदेश निघतात.

मागच्या वेळी काय झाले

६ मार्च २०२० रोजी तेव्हाचे वित्तमंत्री अजित पवार यांनी २०२०-२१ चा अर्थसंकल्प मांडला. महसुली जमा ३ लाख ४७ हजार ४५७ कोटी अपेक्षित होती. तीन दिवसांनी पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले, ११ मार्चला नागपुरातला पहिला. वर्षअखेर प्रत्यक्षात जमा झाले २ लाख ६९ हजार ४६८ कोटी. जवळजवळ ७८ हजार कोटी कमी, म्हणजे शंभरातले बावीस आलेच नाहीत. या तुटीचा दोष आम्ही कोणालाही देत नाही. राज्याच्या आर्थिक पाहणीनेच त्या वर्षी स्थूल उत्पन्न ८ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. इतवारी बंद, बांधकाम बंद, गाड्यांची विक्री बंद, घरांची नोंदणी बंद; कर येणार कुठून?

आमची तक्रार त्यानंतरच्या आकड्याबद्दल आहे. ८ मार्च २०२१ रोजी, आर्थिक वर्ष संपायला तीन आठवडे उरलेले असताना, सुधारित अंदाज मांडला गेला: २ लाख ८९ हजार ४९८ कोटी. अकरा महिन्यांची वसुली हातात होती, तरी हा आकडा प्रत्यक्षापेक्षा २० हजार कोटींनी मोठा निघाला. याला करोना म्हणता येत नाही.

त्याच्या आदल्या वर्षीकडे पाहिले तर शंका आणखी वाढते. २०१९-२० चा मूळ अंदाज ३ लाख १४ हजार ६४० कोटींचा होता, मार्च २०२० मधला सुधारित अंदाज ३ लाख ९ हजार ८८१ कोटींचा, आणि प्रत्यक्ष जमा २ लाख ८३ हजार १९० कोटी. टाळेबंदी २५ मार्चला लागली. त्या एका आठवड्याने साडेसव्वीस हजार कोटी गिळले, हे पटण्यासारखे नाही. देशभर मंदीचे वारे २०१९ मध्येच वाहू लागले होते आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखानदारांना ते मंत्रालयाच्या आधी जाणवले होते. पुढे २०२१-२२ मध्ये, बाजार उघडल्यावरही, सुधारित अंदाज ३ लाख ६२ हजार कोटींचा आणि प्रत्यक्ष जमा ३ लाख ३३ हजार कोटींची. तीन वर्षांची हवा तीन तऱ्हेची, पण प्रत्येक वेळी सुधारित आकडा वीस ते तीस हजार कोटींनी फुगलेला.

महसुली जमेत केंद्रीय करांतला वाटा आणि केंद्राची अनुदानेही असतात आणि ती ऐन मार्चमध्ये अडकू शकतात, हे आम्हाला ठाऊक आहे. जीएसटी नुकसानभरपाईच्या जागी मिळालेले कर्ज महसुलात धरले जात नाही, हेही. पण या दोन्ही गोष्टी वित्त विभागाला आमच्या आधी ठाऊक असतात, आणि सुधारित अंदाज त्यासाठीच असतो.

फुगलेल्या सुधारित आकड्याचा खरा उपद्रव पुढच्या वर्षी होतो. २०२०-२१ चा अंदाज २०१९-२० च्या सुधारित आकड्यावर उभा होता. त्यावरून मोजली तर अपेक्षित वाढ १२ टक्के दिसते, आणि १२ टक्के कोणालाही वाजवी वाटेल. प्रत्यक्ष जमेवरून मोजली तर तीच वाढ जवळजवळ २३ टक्के होते. करोना आला नसता तरी महाराष्ट्राचा महसूल एका वर्षात २३ टक्क्यांनी वाढला असता का? एकाही अधिकाऱ्याने हो म्हटले नसते. पण त्या अंदाजावर योजना आखल्या गेल्या, निविदा निघाल्या, कार्यादेश दिले गेले, आणि आम्ही ते घेतले.

हमी देणाऱ्याने काय केले आणि राज्य काय म्हणाले

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर (जीएसटी) आला तेव्हा केंद्राने राज्यांना कायद्याने शब्द दिला होता: २०१५-१६ हे पायाभूत वर्ष, दरसाल १४ टक्के वाढ गृहीत, आणि त्यापेक्षा कमी जमा झाले तर पाच वर्षे भरपाई. २७ ऑगस्ट २०२० रोजी जीएसटी परिषदेच्या ४१ व्या बैठकीनंतर केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी करोनाला दैवी कृती म्हटले आणि तुटीचे दोन तुकडे झाले. २ लाख ३५ हजार कोटींच्या भरपाईच्या गरजेपैकी ९७ हजार कोटी कराच्या अंमलबजावणीमुळे, बाकीचे करोनामुळे. राज्यांनी कर्ज काढावे, असे दोन पर्याय. कर्ज केंद्राने काढावे, ही त्या वेळी महाराष्ट्राची भूमिका होती. राज्य बरोबर होते. ज्याने शब्द दिला त्याने तो संकटातही पाळायचा असतो, आणि ज्याला कर्ज स्वस्त मिळते त्यानेच ते काढायचे असते. अखेर ऑक्टोबरात केंद्राने स्वतः कर्ज उचलून राज्यांकडे वळते केले.

महोदय, राज्याने दिल्लीला सांगितलेला हा न्याय राज्याने खाली लावावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. कार्यादेश हाही सरकारचा शब्दच असतो.

४ मे २०२० चा वित्त विभागाचा शासन निर्णय आम्हाला अजून आठवतो. योजनांसाठी उपलब्ध निधीच्या ३३ टक्केच खर्च, नवी कामे नाहीत, आरोग्यासारखे विभाग सोडून भरती बंद. कडक होता, पण निदान लेखी होता. त्याच्या आधी मार्चच्या पगाराचा निर्णय झाला होता: लोकप्रतिनिधींना पहिल्या टप्प्यात ४० टक्के, अ आणि ब वर्गाला ५० टक्के, क वर्गाला ७५ टक्के, ड वर्गाला पूर्ण पगार. त्या आदेशावर त्या वेळी नाराजी झाली. आमचे मत मात्र वेगळे आहे. ओझे वरच्याने जास्त उचलायचे आणि खालच्याचे हात रिकामे ठेवायचे नाहीत, अशी क्रमवारी त्यात लावलेली होती. देयकांसाठी अशी क्रमवारी कोणी लावलीच नाही. तिथे 'बीम्सवर (निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) निधी नाही' हे एकच उत्तर होते. चार लाखांच्या देयकाला तेच आणि चाळीस कोटींच्यालाही तेच, पण चाळीस कोटींचे देयक मंत्रालयात जाऊन विचारपूस करू शकते.

विदर्भाच्या बाबतीत आणखी एक योग जुळून आला. विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, आणि चार दिवसांनी कपातीचा आदेश निघाला. ३३ टक्क्यांत विदर्भाचा वाटा किती, अनुशेषाच्या कामांना वगळले का, हे विचारण्यासाठी राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली उभी केलेली यंत्रणाच त्या वेळी नव्हती. दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे बंधन १९५३ च्या नागपूर कराराचे. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. तेव्हा दोन वर्षे आमचे गाऱ्हाणे ऐकणारे सभागृहही इथे आले नाही.

तूट जाते कुठे

सरकारचे लेखे रोखीचे असतात. कोषागारातून पैसे निघाले तरच तो खर्च. काम पूर्ण झाले, मोजमाप पुस्तकात नोंद झाली, अभियंत्याने सही केली, देयक लेखा शाखेत पोचले, तरी पैसे निघेपर्यंत सरकारच्या हिशेबात ते काम झालेलेच नसते. त्यामुळे मार्चमध्ये तूट कमी दाखवण्याचा सर्वात सोपा उपाय म्हणजे देयक एप्रिलमध्ये ढकलणे. सरकारने रोखे काढले तर रिझर्व्ह बँकेमार्फत लिलाव होतो, व्याजदर ठरतो, कर्जाच्या तक्त्यात आकडा चढतो आणि वर्तमानपत्रांत बातमी येते. आमच्याकडून उसने घेतले तर व्याज नाही, तक्ता नाही आणि बातमीही नाही. किराणा दुकानदाराची उधारी वहीत लिहिली नाही म्हणून ती फिटली, असे कुठल्याही घरात मानत नाहीत.

२०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी थकबाकीचा आकडा ८९ हजार कोटी सांगितला. तो बरोबर आहे की फुगवलेला, यावर आम्ही पैज लावणार नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत मात्र तो पडताळून पाहण्याची सोय नाही, आणि आमच्या मते हा मुद्दा आकड्याहून मोठा आहे.

आमच्या एका सदस्याचे उदाहरण देतो. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष एका कार्यालयाचा नाही. त्याने एका वसतिगृहाच्या दुरुस्तीचे काम घेतले. कन्हानची रेती रोखीने, पाचगावची गिट्टी रोखीने, सिमेंट आणि लोखंड इतवारीतून महिन्याच्या उधारीवर. ठिय्यावरून आणलेला मजूर संध्याकाळी पैसे हातात घेतल्याशिवाय जात नाही, आणि त्याने जाऊही नये. काम वेळेत झाले. मुलींनी खोल्या वापरायला घेतल्या. देयक सादर झाले, निधी आला नाही. बीजक दिल्याबरोबर जीएसटीची जबाबदारी मात्र सुरू झाली. सरकारी कामांवर १७ जुलै २०२२ पर्यंत बहुतेक वेळा १२ टक्के असलेला हा कर आता १८ टक्के आहे. म्हणजे सरकारने न दिलेल्या पैशावरचा कर त्याने सरकारला आधी भरला, आणि उशीर झाला असता तर त्यावर दरसाल १८ टक्के व्याजही भरले असते. त्याने तो बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून भरला. मंदीच्या वर्षात जी करवसुली टिकून राहिलेली दिसते तिच्यातला थोडा भाग असा आलेला असतो. तिजोरीला त्याचा वास येत नाही.

सरकारकडे पैसाच नसेल तर काय करायचे, हा प्रश्न आपले अधिकारी विचारतात आणि तो रास्त आहे. पण मंदीत लहान देयके थांबवल्याने वाचते काय? ठिय्यावरचा मजूर रिकाम्या हाताने परत जातो, इतवारीतल्या व्यापाऱ्याची उधारी बुडते, तो पुढचा माल कमी मागवतो, आणि पुढच्या महिन्याचा जीएसटी तेवढाच घटतो. तूट भरायला केलेली कपात पुढची तूट तयार करते. महाराष्ट्राला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात याच राज्याने रोजगार हमीची कामे वाढवली, वि. स. पागे यांच्या त्या कल्पनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, पुढे कायदा केला आणि त्या करातून जेवढे येईल तेवढीच भर राज्याने स्वतः घालायची असे ठरवले. वाईट वर्षासाठी आधी राखून ठेवलेला पैसा, ही कल्पना इथलीच आहे. तो कर आमच्यापैकी बरेच जण आजही भरतात.

नागपूर शहराचे वेगळे दुखणे

३१ मार्च २०१३ पर्यंत नागपूर महानगरपालिका नाक्यांवर जकात घेत होती. १ एप्रिलपासून स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांचा विरोध इतका होता की १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांसाठी तो रद्द झाला. दोन वर्षांनी जीएसटीने उरलेलेही संपवले. जकात वाईट होती. नाक्यावर ट्रक रांगेत उभे राहत आणि तिथे काय काय चाले ते सर्वांना माहीत आहे. तिच्यासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण शहराची मोठी कमाई शहराच्या हातात होती. आता तिच्या जागी राज्याकडून मासिक अनुदान येते, कायद्याने त्यात दरसाल ८ टक्के वाढ धरलेली. शहर मुंबईकडे पाहते, मुंबई दिल्लीकडे. दिल्लीतला अंदाज चुकला की त्याचा धक्का तीन पायऱ्या उतरून आमच्या चेंबरच्या झाकणापर्यंत येतो.

त्यात महापालिकांच्या अंदाजपत्रकाची रीत भर घालते. आयुक्त एक आकडा मांडतात, स्थायी समिती तो वाढवते, प्रभागांची कामे त्या वाढीव आकड्यात बसवली जातात. वसुली आयुक्तांच्या आकड्यालाही गाठत नाही तेव्हा कामे झालेली असतात आणि देयके 'दायित्व' नावाच्या खान्यात पुढच्या वर्षी जातात. मार्च २०२२ पासून नागपुरात प्रशासक आहे, त्यामुळे ही वाढवावाढवी काही वर्षे थांबली. निवडणूक तोंडावर आहे. नवे सभागृह येईल आणि जुनी सवय त्याच्याबरोबर येईल, अशी आम्हाला भीती आहे.

आमच्या मागण्या

१. पुढच्या वर्षाचा अंदाज मागच्या सुधारित आकड्यावर बांधू नये. तो शेवटच्या प्रत्यक्ष जमेवर आणि चालू वर्षाच्या डिसेंबरअखेरच्या वसुलीवर बांधावा, आणि दोन्हींवरून वाढीचा दर किती येतो ते अर्थसंकल्पाच्या पहिल्याच पानावर छापावे. महालेखापरीक्षक राज्याच्या जमाखर्चाचे मासिक आकडे प्रसिद्ध करतात. तेच आकडे अंदाजाशेजारी ठेवून वित्त विभागाने दर तिमाहीला मराठीत तक्ता काढावा. याला नवा कर्मचारी लागत नाही.

२. तुटीच्या वाटणीचा क्रम आगाऊ ठरवावा. ही आमची मुख्य मागणी आहे. कोणत्याही तिमाहीत जमा अंदाजापेक्षा ५ टक्क्यांहून कमी असेल तर कपात आपोआप लागू व्हावी आणि तिचा क्रम सभागृहाने मंजूर केलेला असावा. आधी नव्या घोषणा, जाहिराती, नवी वाहने, दालनांची सजावट. मग मंजूर पण कार्यादेश न झालेली कामे. मग कार्यादेश झालेली पण सुरू न झालेली कामे, ज्यात कंत्राटदाराची बयाणा रक्कम आणि सुरक्षा ठेव महिनाभरात परत मिळावी. पूर्ण झालेल्या आणि मोजलेल्या कामाचे देयक या क्रमात कुठेच नसावे. ते कर्ज आहे, खर्च नव्हे, आणि सरकार जसे रोख्यांवरचे व्याज चुकवत नाही तसे ते चुकू नये. देयकांतही आधी १० लाखांच्या आतली, आणि त्यात जी जुनी ती आधी. हा क्रम मोडायचा असेल तर कारण लेखी द्यावे आणि ते संकेतस्थळावर दिसावे. कोणते देयक का पुढे गेले, हे विचारायला आज माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करणाऱ्याला पुढचे काम मिळत नाही.

३. अर्थसंकल्पाबरोबर थकीत देयकांचे विभागवार आणि जिल्हावार विवरण मांडावे: किती, किती दिवसांची, किती लोकांची. महापालिका आणि जिल्हा परिषदांनाही हे बंधन असावे.

४. निधी उपलब्ध असल्याचा दाखला निविदेसोबत जोडलेला नसेल तर निविदा काढू नये.

५. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावे, असे २००६ चा केंद्रीय कायदा सांगतो. कामाच्या कंत्राटांना तो लागू होतो की नाही यावर न्यायालयांत वाद आहेत. राज्याने स्वतःच्या कंत्राटांत हीच अट घालून तो वाद आपल्यापुरता मिटवावा. खासगी खरेदीदाराने ४५ दिवस ओलांडले तर एप्रिल २०२४ पासून त्याला आयकरात झळ बसते. सरकार आयकर भरत नाही, म्हणून त्याला झळ बसत नाही. ही अट लागू होईपर्यंत निदान एवढे करावे की सरकारी देयकावरचा जीएसटी पैसे हातात आल्यावर भरण्याची मुभा मिळावी, असा प्रस्ताव राज्याने जीएसटी परिषदेत मांडावा.

६. चांगल्या वर्षी अंदाजापेक्षा जास्त आलेल्या महसुलाचा ठरावीक भाग स्थिरता निधीत जावा आणि तो फक्त तुटीच्या वर्षी, फक्त चालू कामांसाठी वापरावा. राज्याचा आकस्मिकता निधी १५० कोटींचा आहे. ७८ हजार कोटींच्या तुटीपुढे तो कुठे पुरणार? ओडिशाने खाणींच्या कमाईतून असा निधी उभारला आहे. चिलीमध्ये तांब्याच्या भावाचा दीर्घकालीन अंदाज सरकार स्वतः करत नाही, बाहेरची तज्ज्ञ समिती करते. तेजीत साठवलेला तांब्याचा पैसा त्या देशाने २००९ च्या मंदीत वापरला. ब्रिटनने २०१० पासून अंदाजाचे कामच स्वतंत्र संस्थेकडे दिले आहे. आपल्याकडे चौदाव्या वित्त आयोगाने आणि पुढे एन. के. सिंह समितीने स्वतंत्र वित्तीय परिषदेची शिफारस केली. राज्याने केंद्राची वाट न पाहता नागपूर आणि मुंबईतल्या विद्यापीठांचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, एक निवृत्त लेखापरीक्षक आणि व्यापारी-उद्योजकांचे प्रतिनिधी अशी लहान समिती नेमावी. तिचा आकडा सरकारला मान्य नसला तरी चालेल. तो सरकारच्या आकड्याशेजारी छापला जावा.

७. विकास मंडळे पुन्हा स्थापण्याचा सप्टेंबर २०२२ चा मंत्रिमंडळ निर्णय अमलात आणावा आणि यापुढे कपातीच्या प्रत्येक आदेशात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राचे आकडे वेगळे द्यावेत.

८. महापालिकांचे भरपाई अनुदान दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, मंदीतही न कापता द्यावे. स्थायी समितीने अंदाज वाढवला तर कोणत्या कराच्या वसुलीतून किती वाढ अपेक्षित आहे ते तिने नावानिशी लिहावे आणि ती वसुली होईपर्यंत त्या वाढीतली कामे काढू नयेत.

आमच्या धंद्यात खोटी मोजमापे करणारे, पातळ डांबर टाकणारे, तिघांच्या नावाने एकच निविदा भरणारे लोक आहेत. त्यांना काळ्या यादीत टाकावे. कामाची तपासणी त्रयस्थ संस्थेकडून करायला आमची हरकत नाही, तिचा खर्च कंत्राटात धरावा. मात्र तपासणी वेळेत व्हावी. देयक अडवायचे असेल तर दर्जाच्या कारणाने अडवावे, तिजोरीच्या नव्हे.

अर्थसंकल्पाची तयारी मंत्रालयात जानेवारीत सुरू असते. त्यामुळे या मागण्यांवर ३१ जानेवारीपूर्वी बैठक मिळावी आणि तिला वित्त विभागाचे तसेच लेखा व कोषागारे संचालनालयाचे अधिकारी उपस्थित असावेत, अशी विनंती आहे. दुसरी आणि तिसरी मागणी मान्य झाल्यास बाकीच्यांसाठी आम्ही वर्षभर थांबू. तोवर सुरू असलेली कामे, रुग्णालये आणि वसतिगृहांचा पुरवठा आम्ही थांबवणार नाही. मात्र बैठक झाली नाही तर १ फेब्रुवारी २०२६ पासून आमचे सदस्य निधीचा दाखला नसलेली एकही नवी निविदा भरणार नाहीत, आणि ज्या निविदा भरल्या नाहीत त्यांची यादी दर सोमवारी विभागीय आयुक्त कार्यालयात देत राहतील.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य

सोबत: सदस्यांच्या थकीत देयकांचा तक्ता (कार्यालयांची नावे फक्त आपल्या अवलोकनासाठी), तुटीच्या क्रमाचा नमुना मसुदा, पुरवठ्याच्या कंत्राटात घालावयाच्या व्याजाच्या अटीचा मसुदा